साडेसातव्या मजल्यावरून : चार्ली कॉफमन यांच्या पटकथांचा अभ्यास करताना

चार्ली कॉफमन या अमेरिकन पटकथाकाराचे चित्रपट क्रमाने पाहायचे, त्यांची दृश्यागणिक नोंद करायची आणि मगच त्यांच्याविषयी बोलायचे, असे आम्ही सोलापुरातल्या काही नाटकवाल्या मंडळींनी ठरवले, त्यामागे एक अगदी व्यावहारिक अडचण होती. स्पर्धेसाठी एकांकिका लिहिताना आमच्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी वास्तवाची चौकट ओलांडावीशी वाटते. मेलेला माणूस बोलू लागावा, भिंत सरकावी, घड्याळ उलटे फिरावे, असे काहीतरी सुचते. संहितेत ते वाचताना चांगलेही वाटते. आणि तालीम रंगात आली की तेच सगळे पोकळ वाजू लागते. ‘ते प्रतीकात्मक आहे’ एवढ्या उत्तराने नटांचेही समाधान होत नाही, मग प्रेक्षकांचे कुठून व्हावे? कॉफमन यांच्या चित्रपटांत तर अशक्य गोष्टी पदोपदी घडतात, तरीही त्या काळजाला भिडतात. असे का होते, हे आम्हाला शोधायचे होते.

जुळे सोलापूर या वस्तीतल्या एका घराची माडीवरची खोली त्यासाठी मिळाली. मंडळींत एक निवृत्त गणितशिक्षक होते, ज्यांना आम्ही सगळेच गुरुजी म्हणतो. चादरीच्या कारखान्यात जॅकार्ड मागासाठी नक्षीचे ग्राफ काढण्यात आयुष्य गेलेले अण्णा होते. प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या आणि आमच्या बहुतेक एकांकिकांत काम केलेल्या ताई होत्या. आणि महाविद्यालयात शिकणारी, कॅमेऱ्याचे वेड असलेली दोन मुले होती. पहिल्यांदा चित्रपट कुणीही मध्ये न बोलता सलग पाहायचा आणि दुसऱ्यांदा थांबत थांबत, फुलस्केप वहीत चार रकाने आखून नोंदी करायच्या, अशी रीत ठरली. दृश्यात काय घडते, त्यातले अशक्य काय, पात्रे त्या अशक्याशी कशी वागतात आणि ते अशक्य कोणत्या नियमाने चालते, असे ते चार रकाने. चौथा रकाना गुरुजींनी हट्टाने घालायला लावला. नियम नसेल तर तो रकाना कोरा राहील आणि कोरा राहिला तर निदान तेवढे तरी कळेल, असे त्यांचे म्हणणे होते.

ज्यांचा अभ्यास करायचा, त्या माणसाची वाटचालही आमच्यासारख्यांना जवळची वाटावी अशी आहे. १९५८ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले कॉफमन चित्रपटाचे शिक्षण घेऊनही बराच काळ किरकोळ नोकऱ्या करत होते. मिनियापोलिसमध्ये एका वर्तमानपत्राच्या वितरण विभागात, अंक मिळाला नाही म्हणून येणारे ग्राहकांचे फोन घेण्याचे काम त्यांनी केले. नव्वदच्या दशकात ते दूरचित्रवाणीवरच्या विनोदी मालिकांसाठी लिहू लागले आणि त्यांनी लिहिलेला पहिला चित्रपट पडद्यावर आला तो १९९९ साली, म्हणजे वयाच्या चाळिशीत. दिवसभर दुसरे काम करून रात्री लिहीत बसणाऱ्या माणसांच्या या गावात ही गोष्ट सांगितली, तेव्हा महाविद्यालयातली मुले नव्हे, पण आम्ही मोठे सगळे सावरून बसलो.

तो पहिला चित्रपट म्हणजे स्पाइक जोन्झ दिग्दर्शित ‘बीइंग जॉन माल्कोविच’. त्यातला बाहुल्यांचा खेळ करणारा बेकार कलावंत एका इमारतीच्या साडेसातव्या मजल्यावर कारकुनी पत्करतो. या मजल्याचे छत इतके खाली आहे की सगळे कर्मचारी मान आणि कंबर वाकवून वावरतात. तिथल्या एका कपाटामागे त्याला लहानसा दरवाजा सापडतो. त्यातून आत सरकणारा माणूस जॉन माल्कोविच या नटाच्या डोक्यात पोहोचतो, पंधरा मिनिटे त्याच्या डोळ्यांनी जग पाहतो आणि मग न्यू जर्सीच्या हमरस्त्याच्या कडेला येऊन आदळतो. माल्कोविच हा खराखुरा नट. त्याने स्वतःचीच भूमिका केली आहे.

आमचा दुसरा रकाना भराभर भरला. खरे आश्चर्य तिसऱ्या रकान्यात होते. या दरवाजाविषयी कुणी फार वेळ थक्क होत नाही. तो सापडल्यावर नायकाला थोडे तत्त्वज्ञान सुचते, पण त्याची सहकारी मॅक्सीन लगेच हिशेब मांडते आणि माणशी दोनशे डॉलर घेऊन रात्रीच्या वेळी लोकांना आत सोडण्याचा धंदा सुरू होतो. नायकाच्या बायकोला त्या डोक्यात शिरल्यावर स्वतःविषयी काही वेगळेच उमगते. मॅक्सीनला माल्कोविचपेक्षा त्याच्या आत बसलेल्या तिचे आकर्षण वाटू लागते. आणि नायकाला बाहुलीऐवजी जिवंत माणूस नाचवायला मिळतो. अशक्य गोष्ट एकच आहे आणि तिच्याभोवतीची हाव, मत्सर, एकटेपणा हे सगळे रोजच्या पाहण्यातले आहे. चौथ्या रकान्यात गुरुजींनी लिहिले : वेळ पंधरा मिनिटे, बाहेर पडण्याची जागा ठरलेली. पुढे दरवाजाचे आणखी नियम उघड होतात, कोणत्या वयापर्यंत त्या देहाचा ताबा घेता येतो याचीही अट समोर येते आणि चित्रपटाचा शेवट त्या अटीतूनच निघतो. माल्कोविच स्वतःच्याच डोक्यात शिरतो, तेव्हा उपाहारगृहातल्या प्रत्येक माणसाला त्याचाच चेहरा असतो आणि प्रत्येकाच्या तोंडी फक्त त्याचेच नाव असते. पहिल्यांदा पाहताना आम्ही हसलो होतो. दुसऱ्यांदा, नोंद करताना, कुणी हसले नाही, कारण माणूस आपल्याच डोक्यात अडकला तर त्याला जग असेच दिसणार, हे आता समोर लिहिलेले होते.

पुढच्या ‘ह्यूमन नेचर’ आणि ‘कन्फेशन्स ऑफ अ डेंजरस माइंड’ या चित्रपटांवर आम्ही फारसे थांबलो नाही. दुसऱ्याच्या बाबतीत तर दिग्दर्शक जॉर्ज क्लूनी यांनी संहितेत केलेल्या बदलांवर कॉफमन यांनी उघड नाराजी व्यक्त केली होती, त्यामुळे त्यात त्यांचे किती आणि इतरांचे किती, हे वेगळे काढण्यात वेळ घालवण्याऐवजी आम्ही ‘अ‍ॅडाप्टेशन’कडे वळलो.

सुझन ऑर्लीन यांच्या ‘द ऑर्किड थीफ’ या पुस्तकावर पटकथा लिहिण्याचे काम कॉफमन यांना मिळाले होते. पुस्तक फुलांविषयीचे, फ्लोरिडाच्या दलदलीतून दुर्मीळ ऑर्किड चोरणाऱ्या एका माणसाविषयीचे. त्याला रूढ अर्थाने कथानक नाही. कॉफमन अडले. शेवटी त्यांनी त्या अडण्याचीच पटकथा केली आणि त्यात स्वतःला पात्र म्हणून घातले. शिवाय डोनाल्ड नावाचा एक जुळा भाऊ रचला, जो प्रत्यक्षात कधीच नव्हता. पण श्रेयनामावलीत सहलेखक म्हणून त्याचे नाव आहे, चित्रपट त्याच्या स्मृतीला अर्पण केला आहे आणि ऑस्करच्या नामांकनातही ते नाव आले. निकोलस केज यांनी दोन्ही भाऊ उभे केले आहेत. पहिल्याच दृश्यांपैकी एकात चार्ली हा लेखक ठासून सांगतो की आपल्याला या गोष्टीत बंदुका, अमली पदार्थ, गाड्यांचा पाठलाग, आयुष्याचा मोठा धडा शिकणारी माणसे यातले काहीही नको. आणि शेवटच्या भागात नेमके तेच सगळे येते, कारण तोपर्यंत पटकथालेखनाच्या शिबिराला जाऊन तयार झालेल्या डोनाल्डची मदत घेतलेली असते.

या शेवटावर आमच्या खोलीत जो वाद झाला, तो या सगळ्या उपक्रमातला सर्वांत तापलेला होता. हा शेवट मुद्दाम वाईट लिहिलेला आहे, ती बाजारू चित्रपटांवरची टीका आहे आणि तिथे भावनाविवश होणाऱ्या प्रेक्षकाची फसगत होते, असे मुलांचे म्हणणे होते. ताईंचे म्हणणे नेमके उलट होते. दलदलीत लपून बसलेला डोनाल्ड भावाला सांगतो की शाळेतली एक मुलगी पाठीमागे माझी टिंगल करत होती हे मला तेव्हाच कळले होते, पण तिच्यावरचे प्रेम माझे होते आणि ते माझ्याकडून काढून घेण्याचा अधिकार तिलाही नव्हता. ‘‘सर, हे जर खोटं असेल तर मग खरं काय असतं ते मला दाखवा,’’ ताई मला म्हणाल्या. मला ताईंचे म्हणणे पटते. कॉफमन यांनी बाजारू साचा वापरला आहे, तो साचा आहे हे आधी सांगून वापरला आहे, आणि तरीही त्यातून खरे दुःख काढून दाखवले आहे. टीका आणि माया एकाच दृश्यात नांदू शकतात, हे आमच्या नाटकांना फार उशिरा जमते आणि बहुतेकदा जमतच नाही.

‘इटर्नल सनशाइन ऑफ द स्पॉटलेस माइंड’साठी वही अपुरी पडली. २००४ सालच्या या चित्रपटात एक संस्था माणसाच्या डोक्यातून नकोशा व्यक्तीच्या आठवणी पुसून देते. क्लेमेंटाइनने जोएलला पुसून टाकले आहे आणि ते कळल्यावर तोही तिला पुसून घ्यायला जातो. बरेचसे कथानक त्या एका रात्रीत, झोपलेल्या जोएलच्या डोक्यात घडते. आम्ही प्रत्येक दृश्याची एक चिठ्ठी केली, सतरंजीवर सगळ्या चिठ्ठ्या आधी चित्रपटातल्या क्रमाने मांडल्या आणि मग घटना ज्या क्रमाने घडल्या असतील त्या क्रमाने लावायला बसलो. क्लेमेंटाइनच्या केसांचा रंग आमच्या कामी आला. हिरवा, लाल, नारिंगी, निळा, असा तो बदलतो आणि ती दोघांच्या नात्याची कोणती अवस्था आहे हे त्यावरून ओळखता येते. चित्रपटाचा आरंभ वाटणारा भाग घटनाक्रमात पार शेवटाकडचा आहे आणि श्रेयनामावली पडद्यावर येते ती त्यानंतर, चांगली पाव तासाने, हे चिठ्ठ्या सरकवताना स्पष्ट झाले.

आठवणी पुसल्या जातात त्या अलीकडच्यापासून मागे मागे, एवढा एकच नियम या चित्रपटाला आहे. त्यामुळे सगळ्यांत आधी भांडणे जातात, टोमणे जातात, जेवणाच्या टेबलावरचा अबोला जातो, आणि जसजशी रात्र सरते तसतशा ज्या आठवणी हाताला लागतात त्या अधिकाधिक कोवळ्या असतात. जोएलला थांबावेसे वाटू लागते ते याच कारणाने. त्याचे मन पालटले हे सांगायला कॉफमन यांना एकही स्वगत लिहावे लागलेले नाही. क्रमानेच ते काम केले आहे. गुरुजी बराच वेळ त्या चिठ्ठ्यांकडे पाहत होते आणि मग म्हणाले की सरळ क्रमाने हीच गोष्ट सांगितली असती तर ती एका फिसकटलेल्या संबंधाची तक्रार झाली असती. मिशेल गाँद्री यांच्या दिग्दर्शनाचाही इथे मोठा वाटा आहे. लहानपणच्या स्वयंपाकघरात टेबलाखाली बसलेला छोटासा जोएल संगणकाने नव्हे, तर जागेवरच, नेपथ्याच्या आणि अंतराच्या खेळाने लहान केलेला आहे, हे कळल्यावर आमची नेपथ्य करणारी मुले तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा पाहत राहिली. या चित्रपटाच्या मूळ पटकथेसाठी कॉफमन, गाँद्री आणि पिएर बिस्मुत यांना मिळून ऑस्कर मिळाले.

‘सिनेकडकी, न्यू यॉर्क’पाशी आम्ही सर्वाधिक रेंगाळलो. २००८ सालचा हा चित्रपट कॉफमन यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला पहिला. तो कान महोत्सवाच्या स्पर्धा विभागात दाखवला गेला. तिकीटबारीवर मात्र त्याला खर्चाच्या जवळपासही पोहोचता आले नाही. आणि समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी त्याला त्या दशकातला सर्वोत्तम चित्रपट ठरवले. केडन कोटार्ड हा नाट्यदिग्दर्शक एका छोट्या शहरात काम करतो. त्याची चित्रकार बायको मुलीला घेऊन बर्लिनला निघून जाते, अंगाला एकामागून एक विचित्र व्याधी जडतात आणि अशातच त्याला मोठी पाठ्यवृत्ती मिळते. त्या पैशातून तो एका अवाढव्य गोदामात न्यूयॉर्क शहराची प्रतिकृती उभी करतो आणि त्यात शेकडो नटांकडून सामान्य आयुष्य जगवून घेतो. तालीम अनेक वर्षे चालते. प्रयोग कधीच होत नाही.

पहिल्याच नाश्त्याच्या दृश्यात आमची नोंद अडली. कुटुंब टेबलाशी आहे, रेडिओ चालू आहे, बोलणे सलग चालले आहे, सकाळ एकच असावी असे वाटते. थांबवून थांबवून पाहिले तेव्हा दिसले की रेडिओवर सप्टेंबर आहे आणि त्याच नाश्त्यात वर्तमानपत्रावरची तारीख नोव्हेंबरपर्यंत गेली आहे. पुढे बायको जाऊन केडनच्या लेखी आठवडा झालेला असतो आणि दुसरे कुणीतरी त्याला सांगते की ती जाऊन वर्ष उलटले. काळ इथे माणसाच्या नकळत निसटतो, हा नियम पहिल्या काही मिनिटांतच घालून दिलेला आहे. तो केडनला सांगितलेला नाही आणि आपल्यालाही सांगितलेला नाही, इतकेच.

पात्रांच्या गुंत्यासाठी अण्णांनी घरून ग्राफचा मोठा कागद आणला. केडनची भूमिका करण्यासाठी सॅमी नावाचा माणूस येतो, जो कित्येक वर्षे केडनच्या मागावर असतो. केडनची मदतनीस आणि आयुष्यभराची ओढ असलेल्या हेझलची भूमिका टॅमी करते. मग सॅमी खऱ्या हेझलच्या प्रेमात पडतो. गोदामाच्या आत गोदाम उभे राहते आणि सॅमीच्या जागी आणखी एक नट लागतो. अण्णांनी खऱ्या माणसासाठी एक रंग घेतला, त्याची भूमिका करणाऱ्यासाठी त्याच रंगाची फिकी छटा घेतली आणि दृश्यागणिक एकेक चौकोन, त्यांच्या भाषेत एकेक घर, भरत नेला. ज्या माणसाने हजारो चादरींवरचे मोर आणि वेली आधी चौकोनांत मोजून काढल्या, त्याचा हात या कामात जराही डगमगला नाही. उत्तरार्धात फिकट रंग वाढत जातात आणि गडद रंग एकेक करून संपतात. शेवटी शेवटी केडनच स्वतःची जागा सोडून एलन नावाच्या सफाईकाम करणाऱ्या बाईच्या भूमिकेत जातो आणि आता त्याने काय करायचे हे कानातल्या यंत्रातून दुसरेच कुणी सांगते, त्या दृश्यांपाशी अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली. ‘‘सर, एवढा गोंधळ दिसतोय, पण घर कुठं चुकलं न्हाई बघा,’’ ते म्हणाले. तो कागद अजून त्या खोलीच्या भिंतीवर आहे.

याच चित्रपटात हेझल घर विकत घेते ते पेटलेले घर. दलाल बाई तिला खोल्या दाखवत असते, भिंतींना आणि कोपऱ्यांना ज्वाळा असतात, धूर असतो. घर आवडले, पण या आगीत आपण मरू याची काळजी वाटते, असे ती म्हणते आणि कसे मरायचे हा मोठाच निर्णय असतो, अशा अर्थाचे काहीतरी दलाल बाई शांतपणे बोलते. ती घर घेते, त्यात अनेक वर्षे राहते आणि अखेर धुरानेच मरते. तिसरा रकाना भरताना मुले म्हणाली की इथे पात्रांचे वागणे अगदीच अतर्क्य आहे. तेव्हा ताईंनी सांगितले की त्यांना हे दृश्य क्षणभरही अतर्क्य वाटले नाही. त्यांची आई घरी विड्या वळायची. पूर्व भागातल्या त्या दोन खोल्यांत तंबाखूचे सूप सकाळपासून मांडलेले असे, पाने भिजत घातलेली असत, धूळ भाकरीवर, अंथरुणावर, पोरांच्या वह्यांवर बसे. ‘‘आईला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं, डॉक्टर तर दरवेळी सांगायचे. खोकत खोकत तिनं माझं डी.एड. पुरं केलं. त्या घराला आग दिसत नव्हती, एवढंच.’’ त्यानंतर त्या दृश्याविषयी कुणाला काही समजावून सांगावे लागले नाही. मुलांनी तिसऱ्या रकान्यातला ‘अतर्क्य’ हा शब्द खोडला आणि तिथे ‘माहीत असून राहते’ असे लिहिले.

माझ्या मते कॉफमन यांच्या कामाचे मर्म याच दृश्यात आहे. पेटलेले घर कशाचे प्रतीक आहे हे शोधायला गेलो तर ते निसटते. ते पेटलेले घरच आहे, त्याचा हप्ता भरायचा आहे, त्यात पाहुणे येणार आहेत, त्यात प्रेम करायचे आहे. लेखकाने एक अशक्य गोष्ट ठेवली आणि मग तिच्याशी सगळे वागणे खऱ्या संसाराचे ठेवले. बाकीचा अर्थ बघणारा स्वतःच्या घरातून घेऊन येतो. हे करायला धीर लागतो, कारण कुठेतरी एखाद्या पात्राच्या तोंडून खुलासा करून टाकण्याचा मोह प्रत्येक लिहिणाऱ्याला होतो.

‘अ‍ॅनोमलिसा’ पाहिल्यावर आम्ही केवळ नोंदीवर न थांबता प्रयोग करून पाहिला. ड्यूक जॉन्सन यांच्यासह दिग्दर्शित केलेला २०१५ सालचा हा बाहुल्यांचा चित्रपट मुळात २००५ साली लॉस एंजेलिसमध्ये सादर झालेले ध्वनिनाट्य होते. रंगमंचावर तीन नट बसून वाचत होते. ते कॉफमन यांनी फ्रान्सिस फ्रेगोली या टोपणनावाने लिहिले होते. ओळखीचीच कुणी व्यक्ती वेगवेगळ्या माणसांची सोंगे घेऊन आपल्याभोवती वावरते आहे असे रुग्णाला वाटायला लावणाऱ्या एका मनोविकाराला फ्रेगोलीचे नाव आहे आणि चित्रपटातल्या हॉटेलचेही नाव तेच आहे. ग्राहकसेवेवर व्याख्यान द्यायला सिनसिनाटीला आलेल्या मायकेल स्टोनला बायको, मुलगा, टॅक्सीवाला, वेटर सगळ्यांचा चेहरा एकच दिसतो आणि आवाजही एकच ऐकू येतो. टॉम नूनन या एका नटाने ते सगळे आवाज दिले आहेत. फक्त लिसा नावाच्या एका साध्यासुध्या बाईचा आवाज वेगळा असतो. बाहुल्यांच्या चेहऱ्यांवरच्या जोडरेषाही मुद्दाम बुजवलेल्या नाहीत.

आम्ही स्वतःच एक छोटा प्रवेश लिहिला. औषध कंपनीचा एक फिरता प्रतिनिधी रात्री सोलापूर स्टेशनावर उतरतो आणि लॉज गाठतो. रिक्षावाला दखनीत बोलतो, लॉजचा मॅनेजर मराठीत, चहा आणणारा पोरगा कन्नडमध्ये आणि शेजारच्या खोलीतली बाई फोनवर आईशी तेलुगूत. या गावात संध्याकाळी बाजारात तासभर फिरले तरी या चारही भाषा कानांवर पडतातच. चारही भाषा घरच्यासारख्या बोलणारे आमच्यात अण्णाच, म्हणून सगळ्या भूमिका त्यांनी वाचल्या, एकाच पट्टीत, एकाच संथ लयीत, आवाजात काहीही फरक न करता. प्रतिनिधी मी वाचत होतो. दिवे चालू होते, नेपथ्य नव्हते, समोर आमचीच माणसे होती. आणि तरी दुसऱ्या पानापासून मला खरोखर अस्वस्थ वाटू लागले. भाषा बदलत होत्या, माणसे बदलत होती, विनवणी होती, दम होता, जिव्हाळा होता आणि सगळ्यातून तोच एक आवाज येत होता. मग लॉजच्या झाडलोटीला असलेल्या बाईचे वाक्य आले, जे ताईंनी वाचायचे होते : ‘‘पाणी गरम आहे, पण बादली लहान आहे.’’ या वाक्यात काहीही नाही. पण ते कानावर पडताच माझ्यासह सगळ्यांच्या माना वर झाल्या. पुढे प्रवेश संपेपर्यंत अण्णांनी ताईंच्या वाक्यांत हळूहळू आपला आवाज मिसळायचा होता, चित्रपटात लिसाचा आवाज न्याहारीच्या टेबलाशी जसा त्या एकमेव आवाजात विरू लागतो, तसा. ते घडताना ऐकणे मला जड गेले. प्रकाशयोजना, धूर, संगीत यांतले काहीही न वापरता, केवळ कोण कुणाचा आवाज वाचणार या एका नियमावर अतिवास्तव उभे राहू शकते, हे त्या दिवशी आमच्या अंगात मुरले.

२०२० साली आलेला ‘आय अ‍ॅम थिंकिंग ऑफ एंडिंग थिंग्ज’ हा इयान रीड यांच्या कादंबरीवर आधारलेला चित्रपट मात्र फार कठीण गेला. एक तरुणी जेक नावाच्या मित्राबरोबर बर्फात गाडीने त्याच्या आईवडिलांच्या शेतावरच्या घरी जाते. तिचे नाव बदलत राहते, तिचा विषय बदलतो, कपड्यांचा रंग बदलतो. आईवडील एका खोलीत तरुण आणि दुसऱ्या खोलीत जराजर्जर असतात. आणि मधूनमधून एका शाळेत साफसफाई करणारा म्हातारा शिपाई दिसतो. ही तरुणी त्या एकाकी म्हाताऱ्याच्या कल्पनेतली आहे, हे दुसऱ्या वेळी पाहताना धरून चालले की बरेच काही जागेवर बसते. गाडीत ती स्वतःची म्हणून जी कविता म्हणते, तिचा संग्रह जेकच्या लहानपणच्या खोलीत उघडा दिसतो. चित्रपट-समीक्षक पॉलीन केल यांचे पुस्तकही त्याच खोलीत आहे आणि परतीच्या प्रवासात ती जे परखड मतप्रदर्शन करते ते केल यांच्या एका परीक्षणातले आहे. कल्पना करणाऱ्याने जेवढे वाचले तेवढेच ती बोलू शकते. हा नियम मुलांनी शोधला, चित्र गोठवून पुस्तकांच्या पाठींवरची नावे वाचून.

ताईंचा आक्षेप इथे टोकदार झाला आणि तो मला योग्य वाटतो. कॉफमन यांच्या बऱ्याच चित्रपटांत जग पुरुषाच्या डोक्यातून दिसते आणि बायका त्याच्या ओढीपुरत्या, त्याच्या पश्चात्तापापुरत्या येतात. या चित्रपटात ते स्वतःच त्यावर बोट ठेवतात असे मला वाटते, कारण कल्पनेतली ही बाई कल्पना करणाऱ्याला कंटाळलेली आहे, तिला तिथून निघायचे आहे आणि शाळेच्या रिकाम्या बोळात ती त्या म्हाताऱ्याला सांगते की असा कुणी माणूस आपल्याला धड आठवतही नाही. ताईंना हे पुरेसे वाटत नाही. बाईला बोलू दिले, पण घर त्याचेच राहिले, असे त्या म्हणतात, आणि त्यांनी वहीच्या समासात तसे सहीनिशी लिहून ठेवले आहे.

या अभ्यासाचा आमच्या लिहिण्यावर परिणाम झाला आहे. नव्या एकांकिकेच्या वाचनात आता ‘याचा अर्थ काय’ हा प्रश्न शेवटी येतो. आधी विचारले जाते की ही अशक्य गोष्ट कधी सुरू होते, तिला काय करता येत नाही, तिच्यामुळे कुणाचे फावते आणि कुणाचे नुकसान होते. यंदाच्या संहितेत एका बंद पडलेल्या गिरणीचा भोंगा फक्त एकाच घरात ऐकू येतो. तो कोणत्या वेळी वाजतो, त्या घरात नव्याने आलेल्या सुनेला तो किती दिवसांनी ऐकू यायला लागतो आणि ऐकू आल्यावर ती डबा भरायला उठते की नाही, यावर आमचे अनेक दिवस गेले, आणि पहिल्यांदाच नटांनी तालमीत एकही खुलासा मागितला नाही.

कॉफमन यांची ‘अँटकाइंड’ ही सातशेहून अधिक पानांची कादंबरी गुरुजींनी एकट्याने वाचायला घेतली आहे. तिच्याविषयी ते बोलतील तेव्हा बोलतील. वहीतल्या शेवटच्या चित्रपटाच्या चौथ्या रकान्यात एक जागा अजून कोरी आहे. अखेरीस त्या म्हाताऱ्या शिपायापुढे एक अ‍ॅनिमेशनमधले डुक्कर चालू लागते आणि तो त्याच्या मागे जातो. शेतावर अळ्यांनी खाल्लेल्या डुकरांची हकिकत जेकने आधी सांगितलेली असते, तेव्हा दुवा आहे हे उघड आहे. पण मेलेले जनावर वाटाड्या कोणत्या नियमाने होते, यावर अण्णांचे एक म्हणणे आहे आणि मुलांचे दुसरे. गुरुजींनी तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले आहे आणि पुढच्या बैठकीला तेवढेच दृश्य घ्यायचे ठरले आहे.